ओळीवर बोट

नवऱ्याला माझं सगळं माहीत आहे. लग्नाआधी आलेलं एका मुलाचं पत्र, सासूबाईंच्या नव्या कुकरची मी जाळलेली रिंग — सगळं सांगून झालंय. हे एवढं नाही सांगितलं. सांगायला बसले की मी उठून भांडी लावायला लागते. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आता बोईसरला आहे, पण त्याआधी नऊ वर्षं मासवणच्या पुढे एका पाड्यावर होते. बोईसरहून पालघर, तिथून मनोरची एसटी, मासवणला उतरून पुढे पायी. बाई चांगलं शिकवतात असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. माझ्या वर्गातली पोरं खडाखडा वाचतात, हा माझा तोरा. आता 'खडाखडा' या शब्दाचीच मला भीती वाटते.

आमच्याकडे वाचनाची पडताळणी असते. बाहेरून कुणी तरी येतं, एकेका मुलाला समोर बसवतं, एक छोटा उतारा वाचायला देतं आणि त्यावर प्रश्न विचारतं. मूल नुसतं वाचतं की समजून वाचतं, ते त्यावरून ठरतं. किती चांगली कल्पना आहे, नाही? पण एका वर्षी माझ्या पोरांनी उतारे वाचले आणि प्रश्न आला की छताकडे बघत बसली. मग मनोरला मीटिंग झाली. साहेब म्हणाले, मागे पडलेल्या शाळांनी उभं राहावं. शाळा कशा उभ्या राहणार? आम्हीच राहिलो. मी माझ्या चपलांकडे बघत उभी होते आणि चपलेचा अंगठा तुटलाय हे तेव्हाच दिसलं मला. हे मी सबब म्हणून सांगत नाही. निदान तसा प्रयत्न आहे.

त्यानंतर मी युक्ती काढली. प्रश्नातला ठळक शब्द पकडायचा. तोच शब्द उताऱ्यात कुठे आहे ते बोटानं शोधायचं. सापडला की ती ओळ पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायची. झालं उत्तर! कोण, कुठे, केव्हा, काय — बहुतेक सगळ्याला चालते. मुलाला काही कळलेलं असो वा नसो. माझी स्वतःची युक्ती होती ती. इतकी खूश होते मी, की शेजारच्या शाळेतल्या बाईंनाही शिकवली.

पोरांना आठवड्याभरात जमली. खेळच वाटला त्यांना. फक्त वनिताला जमेना.

वनिता चौथीत होती. सावकाश वाचायची, ओठ हलवत, मधेच थांबून वर बघायची. तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडाशी परतायचे. शाळा बुडू नये म्हणून हिला चुलतीकडे ठेवायचे. जाण्याआधी तिची आई शाळेत आली होती. माझ्यासमोर हात जोडून म्हणाली होती, "बाई, आमाला कोन पन कागद दाखवून फशवतं. हिला तेवडं वाचाया येऊ द्या." एवढंच मागितलं होतं त्या बाईनं. आणखी काही नाही.

सरावाला एक उतारा होता. सुमनची आई परगावी जाते, आठ दिवसांनी परत येते, येताना बोरं आणते, सुमनला खूप आनंद होतो. खाली प्रश्न — सुमनला आनंद का झाला? वनितानं उतारा वाचला आणि कागद बाजूला ठेवला. बोट नाही, शोधाशोध नाही. म्हणाली, "आठ दिस आय नव्हती ना बाई. भ्याली आसंल ती. बोरं नसती आनली तरी चाललं असतं तिला."

चौथीतलं मूल याहून जास्त काय समजणार, सांगा मला? आणि मला हे आत्ता सुचतंय असं नाही. तेव्हाच कळलं होतं. तरी मी काय केलं? तिचं बोट धरलं, कागदावर टेकवलं आणि विचारलं, "भ्याली असं कुठे लिहिलंय? दाखव." वर्ग हसला. ती शोधायला लागली. खरंच शोधत होती हो, वरून खाली, एकेक ओळ. सापडलं नाही तेव्हा म्हणाली, "नाय लिवलं."

"मग बोलायचं नाही," मी म्हटलं.

तपासणाऱ्याला हिची बोली कळणार नाही, त्याच्या हातात छापील उत्तरं असतील, त्याला घाई असेल — कारणं माझ्याकडे ढीगभर होती. पुढचा महिनाभर मधल्या सुट्टीत मी तिला समोर बसवून ओळ शोधायला शिकवलं. बाकीची पोरं बाहेर लंगडी खेळायची. ती एकदाही रडली नाही, कंटाळली नाही. बाई शिकवतायत म्हणजे चांगलंच असणार, असं तिला वाटत असावं. शेवटी शिकली. सगळ्यांत पक्की तीच शिकली.

पडताळणीच्या दिवशी नेमका तिलाच 'का' आला. उतारा राजूच्या कागदी होडीचा होता. राजू का रडला? वनिताचं बोट सरसर फिरलं, 'रडला' या शब्दावर थांबलं, आणि तिनं खणखणीत आवाजात वाचलं — "राजू खूप रडला." का रडला, तर खूप रडला! हे काय उत्तर झालं? पण समोरचा माणूस सकाळपासून पोरं ऐकून दमला होता. आवाज स्पष्ट, अडखळणं नाही. त्यानं खूण केली. समजून वाचते.

मी व्हरांड्यात चहाचे कप मांडत होते. साहेब खूश होते, आमची शाळा पुढे गेली होती. वनिता हळूच माझ्यामागे येऊन उभी राहिली. "बाई, राजू का रडला ते मी सांगितलंच नाय."

कसं लिहू — माझ्या हातात ट्रे होता. साहेबांना ऐकू जाईल म्हणून मी खाली वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "का ते नाही कळलं तरी चालतं. ओळ सापडली ना?"

हेच ते. या दोन वाक्यांसाठी एवढं सगळं. तिनं जरा विचार केला, मान हलवली आणि गेली. त्यानंतर वर्षभरात तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. मीही म्हटलं, बरं झालं, शहाणी झाली.

मधे चौदा-पंधरा वर्षं गेली. मी बोईसरला आले. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसले होते, तर समोर एक बाई, बोटाला सहा वर्षांची मुलगी. "वळखलं का बाई? वनिता." ती हसत होती. नवऱ्याबरोबर इथेच खोली घेऊन राहते, एमआयडीसीत एका पॅकिंगच्या कंपनीत होती, महिन्यापूर्वी काम सुटलं. मुलीच्या जन्माच्या दाखल्याबरोबर पिशवीतून तिनं आणखी एक कागद काढला. "हे पन बघा जरा. माझं काम का गेलं ते समजंना."

ती सांगत गेली. लाइनमधल्या सगळ्या बायकांना तो कागद दिला होता. बाकीच्या म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही, घरी दाखवून आणतो. त्या अजून कामावर आहेत. "सुपरवायझर मला बोलला, तुझे तो पढ़ना आता है. मी बोलले, येतं. त्याच्या समोरच वाचलं बाई, मोट्यानं, आख्खं. तो बोलला, पढ़ लिया ना, तो साइन कर. मंग केली. बिनवाचता नाय केली."

मी कागद बघितला. तिला म्हटलं, वाच. तिनं बोट ठेवलं आणि एका दमात वाचलं — "मी घरगुती कारणास्तव स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे." एक अक्षर अडलं नाही.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग बोट परत सुरुवातीला नेलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

तो राजीनामा होता, काम तू स्वतःहून सोडलंस असं तू लिहून दिलंस, हे मी तिला समजावलं. तेवढं सांगितलं. पुढचं नाही सांगितलं. तिनं कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "माझंच ध्यान नाय राह्यलं. तुमी तं चांगलं शिकवलं व्हतं." मी तिला तसंच समजू दिलं. मागे रांग होती. अर्जावर शिक्का मारला. जाताना ती म्हणाली, "पोरीला तुमच्याच वर्गात घ्या बाई. मला शिकवलं तसंच शिकवा."

मुलीचं नाव दीपाली. आता दुसरीत आहे, माझ्याच वर्गात. आईसारखीच सावकाश वाचते, ओठ हलवत. पडताळणी पुढच्या सोमवारी आहे. काल वर्गात एक उतारा घेतला होता, चिंगीची शेळी हरवते तो. दीपाली मधेच थांबली आणि वर बघून म्हणाली, "बाई, शेळी तं सापडली. मंग चिंगी का रडली?"

उताऱ्यात ते लिहिलेलं नव्हतं. मला ठाऊक होतं काय म्हणायचं. पंधरा वर्षं होती माझ्याकडे विचार करायला. उतारा ठेव बाजूला, तुला काय वाटतं ते सांग — एवढंच म्हणायचं होतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, अजून बावीस पोरांचं वाचन व्हायचं होतं, आणि माझ्या तोंडातून आलं, "ओळीवर बोट ठेव. पुढे वाच."

तिनं ठेवलं.