खंडेनवमीला धुतलेल्या बाटल्या

सासूला रोज सकाळी सुई टोचणारी सून म्हणून मी पिंपरीच्या आमच्या चाळीत प्रसिद्ध होते. सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. नळावर गेले की बाया विचारायच्या, काय गं, आज किती खोल घातलीस? मी काय कमी होते होय, सांगायची, आरपार. सगळ्या खदाखदा हसायच्या. घरी मात्र टोचायच्या आधी मीच दहा आकडे मोजायची. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना साखरेचा आजार होता. दंड पुढे करून त्या डोळे गच्च मिटायच्या आणि कुरुळीच्या, म्हणजे त्यांच्या माहेरच्या, सगळ्या देवांना नावानिशी हाका मारायच्या. तरुणपणी एकटीनं नांगर धरलेली बाई, साप निघाला तर काठीनं उचलून बांधापलीकडं टाकणारी! पण एवढ्याशा सुईपुढं तिचं पाणी पाणी व्हायचं. एकदा मला म्हणाल्या, "मरान परवडलं पोरी, पर ही सुई नको." हसण्यावारी नेलं मी ते, पण रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

माझे यजमान औषधाच्या कारखान्यात फिटर. तिथल्या दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून एक तरुण डॉक्टर यायचे. एका गुरुवारी मी आत्याबाईंना घेऊन गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं, की सुईऐवजी घ्यायची गोळी निघाली आहे, ती माणसांवर पारखून बघायची आहे, आणि त्यासाठी आपखुशीनं पुढं येणारी माणसं हवीत. अटी सरळ होत्या. काहींना खऱ्या औषधाची गोळी मिळेल, काहींना नुसत्या पिठाची. दिसायला दोन्ही सारख्याच पांढऱ्या. कोणाला कुठली, हे त्यांनाही ठाऊक नसणार, बाटलीवर नुसती नंबराची चिठ्ठी, यादी पुण्यात कुलपात. माणसं सहा तरी पाहिजेत. मधेच कुणी कंटाळून सोडलं आणि पाच उरली, तर पुण्याहून गोळ्या यायच्या नाहीत, इथलं काम बंद. आणि ज्याच्या लघवीला लागोपाठ तीन दिवस विटकरी रंग येईल, त्याची गोळी थांबवून सुई लावायची.

'सुईऐवजी' एवढंच आत्याबाईंनी ऐकलं. बाकीचं कानाआड. घरी येऊन त्यांनी लुगड्याचा काष्टा आवळला आणि माणसं गोळा करायला निघाल्या. दोन दिवसांत सहा झाली. त्यातल्या शेवटच्या आमच्या भिंतीपलीकडच्या परभणीच्या वहिनी. त्यांची साखर थोडी, सुई कधी लागलीच नव्हती. पथ्यावर चाललं होतं. आत्याबाईंनी त्यांच्या उंबऱ्यात ठाण मांडून पाऊण तास बोलून त्यांना तयार केलं. वहिनी अबोल. हो म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

आणि मी? मी प्रयोगशाळा! सातवी शिकलेली म्हणून डॉक्टरांनी मला काचनळ्या, निळ्या औषधाची बाटली आणि एक वही दिली. नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं म्हणजे बऱ्यापैकी, विटकरी म्हणजे बोंबला. रोज सकाळी सहा बाटल्या माझ्या दारात रांगेनं हजर. कुणी पदराखाली लपवून आणायचं, कुणी छातीशी धरून गंगाजळ आणल्यासारखं. स्टोव्ह मात्र वेगळा ठेवला होता हो, उगाच नाक मुरडू नका. मी इतकी फुशारले होते, की यजमानांनी चहा मागितला तर सांगायची, थांबा, माझा पिवळा होतोय.

पहिल्या पंधरवड्यातच आत्याबाईंचा रंग हिरव्यावर स्थिरावला. सुई बंद! त्या दिवशी त्यांनी चाळभर शेंगदाणे वाटले. गूळ वाटायला बंदी, नाहीतर तोही वाटला असता. लहान पोरीसारख्या नळावर जाऊन दंड दाखवायच्या, बघा, एक भोक न्हाई. वहिनींचा मात्र रोज पिवळा. मी एकदा म्हटलं, तुमच्या नशिबी पीठ आलंय बहुतेक. त्या नुसत्या हसल्या.

तीन महिने असे मजेत गेले आणि आली खंडेनवमी. आमच्याकडं नवमीला हत्यारांची पूजा. शेतकऱ्याचा विळा, कारखानेवाल्याचा पाना, माझं शिवणयंत्र. ज्याच्यावर पोट चालतं ते धुऊन-पुसून लख्ख करायचं आणि झेंडू वाहायचा. आत्याबाईंनी हुकूम सोडला, की गोळ्यांची पण पूजा झाली पाहिजे, तेच आमचं हत्यार. सहा घरांतून गोळ्यांच्या सहा बाटल्या आल्या. आता पूजेला बसायचं हत्यार मळकट कसं चालेल? मी उत्साहानं सगळ्या गोळ्या एका ताटात ओतल्या, बाटल्या राखेनं घासल्या आणि उन्हात वाळवल्या. बाटल्या अशा चमकल्या, की माझं मलाच कौतुक वाटलं. मग ताटातल्या गोळ्या मोजून सहा बाटल्यांत सारख्या भरल्या, हळदकुंकू लावलं, आरती झाली, आणि ज्यानं त्यानं एकेक बाटली उचलून नेली. नंबराच्या चिठ्ठ्या? त्या राखेच्या पाण्याबरोबर मोरीतून गेल्या. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्या तर नाहीच नाही.

सोमवारी आत्याबाईंचा पिवळा आला. म्हटलं, दसऱ्याचं काही खाल्लं असेल. मंगळवारी विटकरी. बुधवारी विटकरी. वहिनींचा मात्र हिरवा! नळी हातात धरून मी बघत बसले. एकदम ते नवमीचं ताट डोळ्यांसमोर उभं राहिलं. काय केलंस गं भवाने! ज्या बाईला मी सुईतून सोडवलं, तिला माझ्याच हातानं पीठ खायला घातलं. आत्याबाई समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांनी डाव्या हातानं उजवा दंड तेवढा झाकून घेतला.

गुरुवारी तिसरा विटकरी. डॉक्टर आले तेव्हा सगळे आमच्या खोलीत जमले होते. मी रडतरडत सगळं सांगितलं, राखेसकट. डॉक्टर आधी हसले, मग हसू ओसरलं आणि कपाळाला हात लावून ते माझ्या शिवणयंत्राच्या स्टुलावर बसले. म्हणाले, आता कोणी काय खाल्लं ते देवालाच ठाऊक, तीन महिने पाण्यात. बाटल्या गोळा करून परत न्यायच्या आणि आत्याबाईंना उद्यापासून सुई. 

तेव्हा वहिनी पुढं झाल्या. सगळ्या बाटल्या ताटात ओतल्या आणि एकेक गोळी जिभेला लावून दोन ढीग करायला लागल्या. डॉक्टर ओरडले, हे काय करताय! त्या शांतपणे म्हणाल्या, की खरी कडू लागते, पिठाची लागत नाही. मावशी, म्हणजे आमच्या आत्याबाई, पहिल्या दिवशी गोळी चावून खाताना कसलं तोंड करत होत्या ते त्यांनी पाहिलं होतं, आणि स्वतःची चावून बघून आपल्याला पीठ आलंय हे त्याच संध्याकाळी ओळखलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, मग तीन महिने पीठ का खाल्लंत? सोडून द्यायचं.

"मी सोडलं असतं तर पाच उरले असते," वहिनी म्हणाल्या. "गोळ्या आल्या नसत्या. मला बिनसुईचं जमायलंय, मावशीला कुठं जमायलंय?" आणि कडू गोळ्यांचा ढीग त्यांनी आत्याबाईंकडं सरकवला.

 मला आपली माझी ती पिठाची थट्टा आठवली आणि तोंड कुठं लपवू असं झालं.

आत्याबाईंनी तो ढीग जवळ ओढला. मग दोन्ही हातांनी वहिनींच्या ओटीत टाकला, पार शेवटची गोळीसुद्धा, आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "हिला कडू द्या. हिचा हिरवा आला व्हता, म्या बघितलाय. मला सुई चालंल." वहिनी नको नको म्हणत होत्या, पण आत्याबाईंपुढं कोणाचं काय चालतंय! डॉक्टरांनी वही उघडून वहिनींचं पान नव्यानं लिहायला घेतलं.

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. दंडावरची चोळी वर सारली. "बघतीस काय, उकळ ती सुई. उद्याचं कशाला उद्यावर?"

मी टोचली. त्यांनी देवांना हाका मारल्या नाहीत. त्याऐवजी मला, माझ्या राखेला, माझ्या सातवीला अशा एकेक शिव्या हासडल्या, की डॉक्टरसुद्धा भिंतीकडं तोंड करून हसले. मी रडत होते आणि हसतही होते, आणि सुई काढली तरी आत्याबाईंचा हात काही मी सोडला नाही.