नाव उलटं कोरायचं

शाईबाईंची नखं मी कधी स्वच्छ पाहिली नाहीत. लग्नाला निघाल्या तरी अंगावर पैठणी, कानांत मोत्याच्या कुड्या आणि नखांत काळी शाई. कुणी बोट दाखवलं तर म्हणायच्या, "हळदीची नखं चालतात ना? मग ही का नको?"

मुलांनो, ठसाचित्र म्हणजे लिनोलियमचा, जमिनीवर घालायच्या रबरासारख्या जाड आच्छादनाचा, तुकडा कोरायचा, त्यावर शाई फिरवायची आणि कागद दाबून छाप घ्यायचा. बाईंची अशी चित्रं मुंबईच्या प्रदर्शनांत लागत. नोकरी मात्र अंबरनाथच्या शाळेत, चित्रकलेची. ती संपल्यावर बदलापूरच्या राहत्या घरी त्यांनी बायकांसाठी वर्ग काढला. लिनोलियम उल्हासनगरहून, कॅम्प पाचमधल्या सिंधी दुकानदाराकडून यायचं. "साईं, उरलेले तुकडे फेकू नका, मला द्या," असं हक्काने सांगून ठेवलेलं. छापयंत्र नव्हतंच. कागदाची पाठ आम्ही भातवाढीने घासायचो.

"तुम्ही स्त्रीवादी ना?" असं कुणी खवचटपणे विचारलं, की उत्तर ठरलेलं. "हो. चहा घेणार?"

पहिला धडा सगळ्यांना एकच: स्वतःचं नाव कोरा. छापात अक्षरं फिरतात, म्हणून कोरायचं उलटं. चामटोलीच्या सुनंदाने सरळच कोरलं. उमटलेलं उलटं नाव बघून म्हणाली, "बाई, लग्नात पण असंच झालं. मंगल गेली, सुनंदा आली."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. "मग मंगल कोर," म्हणाल्या.

पुढे आमचं प्रदर्शन भरलं. सुनंदाच्या भातलावणीच्या चित्राखाली पेन्सिलीने सही होती, 'मंगल'. तिची सासू कौतुकाने आली आणि सहीपाशी थबकली.

"आमचे घरान कोन मंगल नाय. पुसा ता."

सुनंदा खरंच खोडरबर शोधू लागली. बाईंनी शांतपणे विचारलं, "आजी, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

म्हातारी म्हणाली, "यमुना. आता कोन हाक मारतंय?" आणि सुनेला म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

बाई मागच्या वर्षी गेल्या. वर्ग आता मंगल चालवते. सगळे तिला मंगलच म्हणतात, आणि तिचीही नखं काळी असतात.

तुमच्या बैठकीच्या खोलीत मी पाठवलेलं जास्वंदीचं ठसाचित्र आहे. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, खाली सही आहे ती कुसुम कोण?" माझ्या लग्नात ताटातल्या तांदळात 'वसुधा' लिहिलं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी कुसुम होते. पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, आमची आजी.