कार्ड चालू करून दाखवा

आमच्या बाबांचा जगावर विश्वास नव्हता. सरकारी भांडारात आलेला माल तपासून घेण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे घरातसुद्धा ते तसेच राहिले. दूधवाल्याचं माप, रिक्षाचं मीटर, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज, सगळंच त्यांच्या लेखी संशयित. मी त्यांचीच मुलगी. खराडीच्या एका कंपनीत टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळायचा. फक्त माझा संशय यंत्रांवर होता आणि बाबांचा माणसांवर, आणि या फरकावरून आमची रोज जुंपायची.

धायरीच्या घरी माझा असेंबल केलेला कॉम्प्युटर होता. ऑफिसमधली सगळी गँग एक नवा गेम खेळायची, पण तो माझ्या मशीनवर धड चालेना. मदरबोर्डवरच्या तुटपुंज्या ग्राफिक्सला तो झेपत नव्हता. शत्रू समोर थिजायचा, पडदा हलायचा नाही, आणि हलला की मी मेलेली असायचे. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणं भाग होतं. नवीन घ्यायचं तर घरखर्च आणि गाडीचा हप्ता जाऊन हातात काही उरत नव्हतं. मग इंटरनेटवर एक जाहिरात दिसली: जुनं कार्ड, कमी वापरलेलं, मुलगा परगावी गेल्यामुळे विकणे आहे, कोथरूड.

"कमी वापरलेलं असं स्कूटर विकणाराही म्हणतो," बाबा म्हणाले. "आडनाव काय त्यांचं?"

"विचारलं नाही."

"मग अर्धा तास फोनवर विचारलंस काय?"

"मेमरी किती आहे ते."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही पोरगी नोकरी कशी टिकवते देव जाणे. खरं तर देवाचाही संबंध नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच देव घरातून गेले होते. पण आडनावाचा प्रश्न बाबांच्या मनातून गेला नव्हता. तरुणपणी शहरात खोली शोधताना दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' असं लिहिलेलं असायचं आणि बाबांनी आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी चिडायचे. म्हणायचे, बाबा, तो काळ गेला. आता मी पैसे देते, समोरचा माल देतो, मध्ये कुणी कुणाला काही विचारत नाही. मला कार्ड हवं होतंच. पण त्याहून जास्त मला बाबांना हे दाखवायचं होतं. म्हणून ते बरोबर येतो म्हणाले तेव्हा मी नाही म्हटलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही माझ्या गाडीवरून कोथरूडला गेलो. सोसायटी जुनी, स्वच्छ. दार एका निवृत्त गृहस्थांनी उघडलं. त्यांनी आधी आमच्या चपला कुठे काढायच्या ते सांगितलं आणि मग या म्हणाले. कार्ड टेबलावर जुन्या टॉवेलवर ठेवलेलं होतं. मी उचलून पाहिलं. स्क्रूंवर ओरखडे आहेत का, कुठे डाग आहे का, पंखा बोटाने फिरतो का. सगळं ठीक वाटलं, म्हणून मला जास्तच शंका आली.

"हे मशीनला लावून दाखवाल का?" मी विचारलं.

"म्हणजे आमच्या शब्दावर आपला विश्वास नाही?"

"शब्दावर आहे की," बाबा म्हणाले. "कार्ड चालू करून दाखवा."

गृहस्थ मनापासून हसले. दोन संशयी म्हातारे एकमेकांना ओळखतात. त्यांच्या मुलाचा कॉम्प्युटर कोपऱ्यात होता. मी जमिनीवर बसून कॅबिनेट उघडलं आणि कार्ड बसवायला लागले. पाठीमागे दोघांच्या गप्पा चालू होत्या. पाणी, पेन्शन, सिंहगड रोडची वाहतूक. मला आनंद होत होता. मनात म्हटलं, बघा बाबा.

"आपण मूळचे धायरीचेच का?" गृहस्थांनी विचारलं. "आणि आडनाव काय म्हणालात?"

आम्ही काहीच म्हणालो नव्हतो.

बाबांनी आडनाव सांगितलं. ऑफिसात साहेबाला सांगावं तसं, स्पष्ट आणि जरा मोठ्यानेच. गृहस्थ "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि चहाचं सांगायला आत गेले.

गेम सुरू झाला. काय सांगू, लोण्यासारखा चालला. गवताचं पातं न् पातं वेगळं हलत होतं. मी आग लावली, पळाले, उड्या मारल्या, मुद्दाम भिंतीवर आपटले, पण कार्डाने दाद दिली नाही. एकही चूक सापडेना. तेवढ्यात गृहस्थ येऊन बसले आणि मागोमाग काकू ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोन कागदी कप होते आणि एक चिनी मातीचा, बशीसकट. बशीवाला त्यांनी आपल्या यजमानांपुढे ठेवला.

"बाई रजेवर आहे हो, म्हणून हे," त्या आमचे कप देताना म्हणाल्या.

"चालेल की," बाबा म्हणाले.

मी चहा घेतला, पण मला त्याची चव कळली नाही. हाताला कॅबिनेटची धूळ लागली होती, म्हणून हात धुवायला उठले. बेसिनवरून स्वयंपाकघर अर्धं दिसत होतं. ओट्यावर घासलेल्या कपबशा पालथ्या घातलेल्या होत्या. आता त्या काकूंनी सकाळी स्वतः घासल्या असतील. पुन्हा घासायला नकोत म्हणून कागदी कप काढले असतील. यजमानांना आपलाच कप लागत असेल, असतात अशी माणसं. एकदा दिसलेली चूक पुन्हा घडवून दाखवता आली नाही, तर ती आमच्या ऑफिसात कुणी मान्य करत नाही. इथे पुन्हा घडवून कशी दाखवणार? परत जाऊन वेगळं आडनाव सांगायचं?

मी टॉवेलला हात पुसत तिथेच उभी राहिले. मला त्या दोघांचा राग येत होता आणि तो खरा की खोटा हे कळत नव्हतं, याचा जास्त राग येत होता. लोकांच्या घरात बाबा असेच वर्षानुवर्षं बसत आले असतील, समोरच्याच्या प्रत्येक चांगल्या वागण्याकडे वाकून वाकून बघत. मी त्यांची थट्टा करत होते.

बाहेर आले आणि कार्ड काढून घेतलं. जाहिरातीतली किंमत दिली. कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारे बाबा गप्प होते. त्यांनी कप संपवला होता, पण ट्रेमध्ये ठेवला नव्हता. काकू "राहू द्या हो, ठेवा इथे" म्हणाल्या, तरी तो चुरगळून मुठीत धरून ते जिना उतरले आणि सोसायटीच्या दाराशी असलेल्या कचरापेटीत टाकला.

गाडीपाशी मी त्यांच्याकडे पाहत उभी राहिले. आता ते म्हणतील, सांगितलं नव्हतं? त्यांनी म्हणावं असंच मला वाटत होतं. म्हणाले असते तर मी नेहमीसारखी भांडले असते.

"कार्ड चांगलं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"एक नंबर आहे."

"मग झालं तर."

"बाबा, ते कप..."

"अगं, बाई रजेवर होती त्यांची," बाबा चटकन म्हणाले. "ऐकलं नाहीस का?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. कार्डाची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, धक्का लागू नये म्हणून.

"हो ना," मी म्हणाले, "विसरलेच." आणि गाडी सुरू केली.