भांडं आणील तो गिऱ्हाईक

झुंबरबाईला चव्वेचाळीस जणांनी हो म्हटलं होतं, आणि त्यातल्या एकाच्याही हो वर तिचा विश्वास बसत नव्हता.

हो कशाला, तर नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीच्या रतिबाला. दुधाचा रतीब असतो ना, तसाच भाकरीचा. महिना लावायचा, रोज दोन भाकऱ्या आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी घ्यायची. ही कल्पना तिची नव्हेच, तिच्या भाच्याची, मनोजची. मनोज मोबाइलच्या दुकानात कामाला. त्या काउंटरमागे उभं राहून राहून जगातला प्रत्येक धंदा आपल्याला कळतो, असं त्याला वाटायला लागलं होतं. स्वतः मात्र दुसऱ्याच्याच दुकानात उभा, हे सोडा.

झुंबरबाई मूळची पेठकडची. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर, बहिरूबरोबर, द्राक्षाच्या कामाला खाली उतरली. दोन हंगाम बागांतून काढले आणि मग सातपूरला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागली. त्याला आता बारा वर्षं झाली. सकाळी सातला जायचं, दुपारी साडेतीनला सुटायचं. बहिरूचं काम आठ दिवस असतं, आठ दिवस नसतं. घर चालायचं ते झुंबरबाईच्या लाटण्यावर, आणि हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

कँटीनला पोळ्या लाटायची, पण स्वतःच्या डब्यात न्यायची नागलीची भाकरी. एक दिवस कुंदन नावाच्या फिटरनं त्यातला तुकडा मागून खाल्ला आणि म्हणाला, "काकू, ही विकायला काढा. अख्खी कंपनी महिना लावेल." आता हा कुंदन कसा, तर विहिरीत उडी मारू का म्हणून विचारलं, तरी म्हणेल, मारा काकू, एक नंबर. मनानं चांगला पोरगा, पण त्याच्या शब्दावर कोणी घर बांधू नये. झुंबरबाई हसली आणि घरी जाऊन ते मनोजसमोर बोलून बसली. तिथंच चुकलं.

मनोज तीन दिवस शिफ्ट सुटायच्या वेळी कारखान्यांच्या गेटवर उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "दादा, दुपारच्या सुट्टीत गेटवर गरम नागलीची भाकरी मिळाली तर महिना लावाल का?" चव्वेचाळीस जणांनी हो म्हटलं. नाही कोणीच म्हटलं नाही, आणि झुंबरबाईला खटकलं ते नेमकं हेच.

"मावशी, डिमांड सिद्ध झाली," मनोज म्हणाला. "आता गाळा घेऊ. बोर्डाचं डिझाइनपण तयार आहे."

पण दुपारी बाराला गेटवर गरम भाकरी द्यायची, तर कँटीन सोडायला हवं. दोन्ही एका वेळी कसं जमणार? कँटीनच्या कंत्राटदाराच्या कानावर हे गेलंच. तो तसा वाईट नाही. एवढंच म्हणाला, "झुंबरबाई, सोमवारी काय ते नक्की सांगा. तुमच्या जागेवर दोघीजणी टपून बसल्यात, मला एकीला हो म्हणावं लागेल." म्हणजे सोडलं की सुटलं. परत या म्हणणारं कोणी नव्हतं.

झुंबरबाईनं बोटांवर हिशेब मांडला. चव्वेचाळीस हा आकडा काही लहान नव्हता. पण तिला आठवत होता रोशनीचा, तिच्या लेकीचा, साखरपुडा. दोनशे माणसांनी "येणार म्हणजे येणार" म्हटलं होतं, आणि पानावर बसली सत्तर. तीन दिवस घर फोडणीचा भात खात होतं. चौथ्या दिवशी बहिरू ताटावरून उठला आणि कोपऱ्यावर जाऊन चहापाव खाऊन आला.

आपल्याकडं माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, हा काही एकट्या सातपूरचा दोष नव्हे. नाही म्हणायचं म्हणजे समोरच्याचं मन मोडायचं. त्यापेक्षा हो म्हणावं आणि आपली बस पकडावी. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, याला रीत म्हणतात. पण बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात खाऊन पोट भरत नाही, आणि त्या रितीवर गाळा तर मुळीच घेता येत नाही.

मग तिला आईचं आठवलं. आईकडं गावाला दोन गाई होत्या. दुधाची तारीफ सगळा पाडा करायचा. आई ती ऐकून घ्यायची आणि दूध किती काढून ठेवायचं ते दारात आलेली भांडी मोजून ठरवायची. म्हणायची, "भांडं आणील तो गिऱ्हाईक. बाकी सगळे पाव्हणे."

गुरुवारी झुंबरबाईनं मनोजला बोलावलं. "त्या सगळ्यांना निरोप दे. रविवारी दुपारपर्यंत आपापला डबा, नाव घालून, माझ्या घरी आणून ठेवायचा. सोमवारपासून आठ दिवस भाकरी देईन. चव बघा, मग महिना लावा."

मनोजनं कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, गिऱ्हाइकाला कोणी कामाला लावतं का? पिशवीत घालून द्यायची, पार्सल."

"पिशवीत भाकरीला घाम सुटतो. गिच्च व्हती."

"अगं, पण डब्यासाठी एवढं कोण येणार?"

"तेच तर बघायचं हाय," झुंबरबाई म्हणाली.

बहिरू खाटेवर बसून सगळं ऐकत होता. तो दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. त्यातलं एक त्यानं इथं खर्च केलं. "बरोबर हाय तिचं," तो म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला.

रविवारी सकाळी तिनं भिंतीवरची फळी रिकामी केली, पुसली, वर कागद अंथरला. चव्वेचाळीस डबे मावणार नाहीत म्हणून खाली एक पाटही मांडला. नाही म्हटलं तरी मनात आशा असतेच ना. दहा वाजले. साडेदहा वाजले. अकराच्या सुमाराला गोटीराम आला. बाजूच्या कंपनीचा म्हातारा वॉचमन, दातांनी कधीच राजीनामा दिलेला. त्याला मऊ भाकरी हवी होती. त्याच्यामागून एका खोलीत राहणारी दोन पोरं एकच डबा घेऊन आली. भात आणि भाजी आम्ही करतो काकू, भाकरी काही केल्या जमत नाही, म्हणाली. बारा वाजले आणि फळीवर डबे होते दोन.

मनोज एकेकाला फोन लावत बसला. "हो हो, लक्षात आहे." "अरे, आज पाहुणे आलेत." "डबा नाही रे जास्तीचा." कुंदननं तर फोनवरच शाबासकी दिली. "काकूंना सांग, जोरात चालू करा, आपला फुल सपोर्ट."

मनोजचं तोंड एवढंसं झालं. झुंबरबाईलाही आधी लागलंच. बारा वर्षं ज्यांच्या ताटात पोळी वाढली, त्यांच्यानं एक डबा आणवला नाही. ती आत गेली, पाणी प्यायली. आणि मग हळूहळू दुसरंच काहीतरी वाटायला लागलं. आपण अजून कँटीन सोडलेलं नाही. गाळा घेतलेला नाही. उद्या सकाळी सातला आपलं लाटणं आपल्याच हातात आहे. फुकट दोन डब्यांवर घर उघड्यावर पडायचं, ते टळलं. तिचा जीव असा भांड्यात पडला की तिनं मनोजला जवळ बसवून जेवायला वाढलं. "खा आता. तोंड नको पाडू. तुझ्यामुळं निदान कळलं तरी."

गोष्ट इथं संपली असती, तरी झुंबरबाईची तक्रार नव्हती. पण चार वाजता दारात एक पोरगी उभी राहिली. तिच्या हातात लहानसा स्टीलचा डबा होता. त्याच्या झाकणावर नाव कोरलेलं होतं, कु. आरोही.

"मी कुंदनची बायको," ती म्हणाली. "ह्यांनी घरी हसत हसत सांगितलं, काकू डबा मागतात म्हणून. तुम्ही डबे घेताय ना अजून?"

"घेतो की. पण कुंदनला दुपारीच विचारलं व्हतं मनोजनं."

"त्यांना कशाला विचारता? घरात भाकरी त्यांना थापायची असते का?"

आरोही माहेरची देवळ्याकडची. बाजरीची भाकरी ती डोळे मिटून थापेल, पण नागली तिच्या हाताला येत नव्हती. उकड काढायची, गरम गरम मळायची, तरी थापताना कडा फाटायच्या. सासरे पेठकडचे, त्यांना संध्याकाळी नागलीच लागते. ती स्वतः एका पॅकिंगच्या शेडमध्ये सहापर्यंत उभी असते. घरी पोहोचली की सासरे फाटकी भाकरी बघून काही बोलत नाहीत, नुसता सुस्कारा सोडतात. "बोलले असते तर परवडलं असतं," ती म्हणाली. "कामावरून येताना तुमच्याकडून नेईन. पण घरी सांगू नका, काकू. हा डबा माहेरचा आहे, म्हणून तो आणला. घरातला गेला असता तर सगळ्यांच्या लक्षात आलं असतं."

"संध्याकाळी पायजे व्हय तुला? दुपारी नको?"

"दुपारी कोण घरी असतं?"

झुंबरबाईनं डबा फळीवर ठेवला, आणि तिला उमगलं. मनोज तीन दिवस गेटवर उभा राहून पुरुषांना विचारत होता. त्या बिचाऱ्यांच्या दुपारच्या डब्यात घरून पोळीभाजी येते, आणि नाही आली तर कँटीन आहे. अडलेलं होतं ते त्यांच्या घरी, संध्याकाळी सात वाजता, आणि ज्या बाईचं अडलं होतं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आरोहीनं शेडमधल्या बायकांना फोन केले. दिवेलागणीपर्यंत एकेक येत गेली. कोणाची सासू, कोणाचा म्हातारा बाप, कोणाची नागलीशिवाय न जेवणारी आत्या. एकीनं तर साफ सांगितलं, माझ्यासाठीच हवी, मला थापायचा कंटाळा आलाय. सकाळचे दोन धरून फळीवर अकरा डबे झाले. गोटीरामला आणि त्या पोरांनाही संध्याकाळचंच चालणार होतं. पाट उचलून ठेवला, त्याची गरज नव्हती. अकरा डबे म्हणजे बावीस भाकऱ्या, आणि त्या साडेतीनला सुटलेली बाई सातच्या आत आरामात थापते. गाळा नको, बोर्ड नको, कँटीन सोडायला नको.

सोमवारी सकाळी ती कंत्राटदारासमोर उभी राहिली. "मी हाय," म्हणाली. "कुठं जात नाय." कंत्राटदारानंही सुस्कारा सोडला. बारा वर्षांचा हात त्यालाही सोडवत नव्हताच.

आठ दिवस झाले. नवव्या दिवशी महिना लावायला डबे परत येतात की नाही, या विचारानं झुंबरबाईचा हात तव्यावर दोनदा भाजला. सगळे आले. आणि आपल्याकडं शेजारणीचं भांडं कोणी रिकामं परत देतं का? गोटीरामच्या डब्यात साखरेची पुडी होती, एकीच्या डब्यात दोन लिंबं, एकीच्या डब्यात मूठभर भुईमुगाच्या शेंगा. पोरांचा डबा रिकामाच होता, पण घासून लख्ख केलेला. झुंबरबाईनं शेंगांतली एक फोडून तोंडात टाकली आणि घरात कोणी नव्हतं तरी मोठ्यानं म्हणाली, "जमलं बाई."

त्याच आठवड्यात कँटीनच्या रांगेत कुंदन तिच्यापुढं आला. आज तो जरा अवघडलेला होता. ताट पुढं केलं आणि इकडंतिकडं बघून खाली वाकला.

"काकू, एक सांगू? राग मानू नका. ते भाकरीच्या रतिबाचं आमच्याकडं नको. आरोहीला आता इतकी झकास नागली जमायला लागलीय. आबा म्हणतात, थेट आमच्या आजीच्या हातची. काल दोन खाऊन तिसरी मागितली."

बारा वर्षांत कुंदन पहिल्यांदाच कोणाला तोंडावर नाही म्हणत होता. झुंबरबाईला हसू आवरेना. तिनं मान खाली घातली आणि त्याच्या ताटात दोन पोळ्या टाकल्या.

"नाय तर नाय," ती म्हणाली. "त्यात कसला राग? गुणाची हाय हो तुझी बायको."

संध्याकाळी तिनं आरोहीच्या डब्यात दोनाऐवजी तीन भाकऱ्या ठेवल्या आणि झाकण लावलं.