बिब्ब्याने उतलेला हात

हुपरीत आमच्या घरी चांदीचे पैंजण होतात. झाळकाम, म्हणजे ज्योतीवर सांधे जोडणं, माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी गॅसची ज्योत डाव्या हाताच्या पाठीवर आली. महिनाभरात कातडी बरी झाली, दुखणं राहिलं. पदर घासला, पंख्याचा वारा लागला तरी आग व्हायची. पैंजण धरणं अशक्य झालं.

"कातडं तर बरं झालंय की," सासूबाई म्हणाल्या. "मग दुखतंय कुठनं? कामाचा कटाळा आलाय तुला."

त्यांच्याकडे औषध एकच. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि सुटलेलं तेल माझ्या हातावर टेकवलं. मी हात पुढे करून बसले. खोटं बोलत नाही, हे दाखवायचं होतं ना. दोन दिवसांत बिब्बा उतला. काळे फोड, पिवळं पाणी, कुबट वास. सासूबाई मात्र खूश.

"वाईट पाणी बाहेर पडाय लागलंय. बेस्तरवारी अजून एकदा देऊ."

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी एकटीच एसटीने कोल्हापूर गाठलं. राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी फोड बघून तोंड वाकडं केलं. मग डोळे मिटायला लावून फोडांच्या कडेने कापसाची वात फिरवली. वात निखाऱ्यासारखी लागली की मी हात ओढायचे, त्या पेनाने खूण करायच्या. असं दोनदा केलं. दोन्ही वेळच्या खुणा एकाच रेघेवर पडल्या, भाजल्याच्या डागापलीकडे पार मनगटावर.

"दुखणं कळवणाऱ्या नसा वेगळ्या असतात," त्या म्हणाल्या. "भाजल्यावर चेकाळतात, जखम भरली की शांत होतात. तुमच्या झाल्या नाहीत. आता साधा स्पर्शही मेंदूपर्यंत दुखणं होऊन पोचतो. आणि त्यावर तुम्ही आणखी भाजून घेतलंत."

"म्हणजे नाटक न्हाय?"

"नाटक करणारीचा हात डोळे मिटून दोनदा त्याच रेघेवर मागे येत नाही, ताई."

गुरुवारी सासूबाईंनी दिवा लावला.

"आण हात."

"न्हाय."

"डाक्टरनं कान भरलं व्हय?"

"आधी एक थेंब तुमच्या हातावर घ्या, आत्या. मग माझ्या."

त्यांनी सुईकडे बघितलं आणि दिवा मालवला. म्हणजे बिब्ब्याने काय होतं ते त्यांना नीट ठाऊक होतं.

आता झाळकाम नवरा करतो. गोळ्यांनी झोप फार येते, दुखणं थोडं कमी आहे. फोडांचे डाग राहिले. ते दिसले की सासूबाईंची चीड येते आणि पहिल्या वेळी हात पुढे करून बसलेल्या माझी स्वतःची किळस.