लांबीवर उभा असलेला कठडा

पेंटरकाकांना आयुष्यात एकच काम येत होतं, पण ते फर्डं येत होतं. बस डेपोत चौतीस वर्षं त्यांनी गाड्या रंगवल्या. तपासणीला साहेब यायचे असले की आदल्या दिवशी फोरमन ओरडायचा, "पेंटर, मार हात!" आणि काका हात मारायचे. खाली पत्रा कुजलाय की शाबूत आहे, हे बघायला कुणाला सवड होती? साहेब चकचकीत गाडीभोवती एक फेरी मारायचे, मान डोलवायचे आणि चहाला जायचे.

हीच रीत काकांनी घरी आणली. पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या, पुढे अरुंद गॅलरी आणि तिला लोखंडी कठडा. दरवर्षी काका त्याच्यावर एक हात मारत. खरवडणं, घासणं त्यांना नको वाटे. रंग डेपोत उरलेला, त्यामुळे कठडा एका वर्षी लाल, तर दुसऱ्या वर्षी निळा. "तुमच्या घराला एक दिवस चाकं फुटणार," असं शेजारी म्हणत आणि काका खूश होत. काकू मात्र वैतागत. रंगकामाच्या दिवसांत नवऱ्याच्या तोंडी एकच वाक्य असे, "हात लावू नकोस, ओला आहे!"

यंदा मुलगी आली आणि कठड्यावरून बोट फिरवत म्हणाली, "बाबा, यावर वेलीची नक्षी होती ना? आता नुसती वांगी लगडल्यासारखी दिसतायत."

"सव्वीस वर्षांचे थर आहेत ते. गंमत आहे काय!"

"म्हणूनच म्हणते, एकदा सगळं काढा."

तिने रंग काढायच्या रसायनाचा डबाच आणून ठेवला. पोरीचा शब्द मोडवेना, म्हणून एका सकाळी काका हातमोजे चढवून गॅलरीच्या कोपऱ्यात बसले. ब्रशने रसायन फासलं आणि वाट बघत राहिले. अर्ध्या तासात रंग फुगला, तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. खरवडायची पट्टी लावली की लांबच लांब साल निघे. निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली लाल. वेलीचं एक पान बाहेर आलं, मग देठ. काकांना मौज वाटायला लागली. उगाच इतकी वर्षं झाकून ठेवलं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी पट्टी टेकवली आणि ती आत गेली.

लोण्यात सुरी जावी तशी गेली. काकांनी ती बाहेर काढली, तर मागोमाग तपकिरीसारखी भुकटी ओघळली. त्यांनी अंगठा लावला. खांबाच्या बुडात लोखंड नव्हतंच. होती ती लांबी, रंगारी भेगा बुजवायला भरतात ती पुट्टी, आणि तिच्यावर रंगाची साल. त्यांनी खांब हळूच हलवला. तो किडक्या दातासारखा हलला. सरपटत ते पुढच्या खांबापाशी गेले. तिथंही तेच. तिसराही तसाच.

ती लांबी काकांनीच भरली होती. आठ वर्षांपूर्वी बुडाशी भोकं दिसली होती. त्यांनी ती बुजवली, कानशीने साफ केली, वर दोन हात मारले आणि काकूंना बोलावून म्हणाले होते, "बघ, नव्यासारखा झाला!"

एवढ्यात गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला बादली आदळली. काकूंनी ओली, जड चादर कठड्यावर टाकली आणि पलीकडची कड सारखी करायला त्या वाकल्या.

"अगं, हात लावू नकोस!"

काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "आज तर रंग काढताय. मग ओला कुठून आला?"

"अगं, तसं नाही..."

"सव्वीस वर्षं तेच ऐकतेय. तुमचा कठडा तुम्हाला बायकोपेक्षा लाडका." आणि त्या पोटावर भार देऊन आणखी वाकल्या.

काका चवड्यांवरून कसे उठले, चार पावलं कशी टाकली, ते त्यांचं त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. त्यांनी मागून काकूंच्या कमरेला मिठी मारली आणि उलटी झेप घेतली. दोघं पाठीवर आपटली, बादली लवंडली. कठडा चादरीच्या ओझ्याने बाहेर कलला, क्षणभर तसाच थांबला आणि मग अख्खाच्या अख्खा खाली गेला. अंगणातल्या फरशीवर असा आवाज झाला, की समोरच्या घरांच्या खिडक्या पटापट उघडल्या. खाली कुणी नव्हतं, हे नशीब.

समोर आता मोकळं आकाश होतं. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"तुम्ही दरवर्षी बघत होतात ना हो?"

गंज आतून लागतो, बाहेरून कुणाला कळतो, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य काकांच्या ओठांवर आलंही होतं.

"बघत नव्हतो," ते म्हणाले. "रंगवत होतो. एकदा दिसलं होतं. मी लांबी भरून बुजवलं."

"कधी?"

"आठ वर्षं झाली."

"गेल्या सुट्टीत नात याला लोंबकळत होती," काकू अगदी हळू म्हणाल्या. "तुम्ही बघून हसत होतात."

बादलीतलं पाणी कडेवरून खाली ठिबकत होतं.

"आणखी कुठं भरलीय?"

"खिडकीच्या गजांना."

"आणि?"

"पाण्याच्या टाकीखालच्या अँगलला."

"आणि?"

काकांनी खाली जाणाऱ्या लोखंडी जिन्याकडे पाहिलं. त्याच्या पायऱ्या त्यांनीच दोन महिन्यांपूर्वी हिरव्यागार केल्या होत्या.

"किती पायऱ्यांना भरली, ते आठवत नाही," ते म्हणाले.

काकूंनी पाय पोटाशी ओढून घेतले. भिंतीला पाठ घासत त्या दारापर्यंत सरकल्या, आतून फोन आणला आणि नवऱ्यापुढे धरला.

"पोरगी अकराला यायचीय. तुमच्या तोंडानं सांगा."

काकांनी हातमोजा काढला. नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"बाबा? निघालेच मी, कोपऱ्यावर आहे."

"थांब," काका म्हणाले. "जिन्यावर पाय ठेवू नकोस. वेल्डरला घेऊन ये आणि त्यालाही वर चढू देऊ नकोस. आधी मला खालून हाक मार. काय काय केलंय, ते मला त्याला सांगायचंय."