पुसण्याचा अधिकार

नव्वदच्या दशकात इंदापूरकडच्या आमच्या साखर कारखान्यात संगणक आला आणि सभासदांच्या माहितीत कोणी काय करायचं, हे ठरवून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. संचालकांना समजावं म्हणून मी सोपं मराठी केलं: पाहण्याचा अधिकार, भरण्याचा अधिकार, पुसण्याचा अधिकार. हा शहाणपणा मला कुणी सांगितला होता कोण जाणे.

सभेत अधिकारांची वाटणी लग्नातल्या मानपानासारखी झाली. अध्यक्षांनी पाहण्याचा घेतला, कारण मोठ्या माणसानं नुसतं पाहायचं असतं. भरणं कारकुनांकडे गेलं. पुसण्याला मात्र कोणी हात लावेना. नोंद कायमची काढून टाकायची ताकद आहे ती, हे सांगून माझ्या घशाला कोरड पडली. अध्यक्ष म्हणाले, "पुसायला आमी निवडून आलोय व्हय? शिपायाला द्या." तसा ठराव झाला. मी इतकी चिडले की दुपारचा डबा तसाच घरी नेला.

शिपाई म्हणजे पिंपळीचे, निवृत्तीला आलेले एक गृहस्थ. मी त्यांना आबा म्हणायचे, अध्यक्ष 'ए' म्हणायचे. त्यांना मी पासवर्ड ठेवायला शिकवला, कळा दाखवल्या. पुढे कित्येक महिने ते पडद्यावरची धूळ तेवढी पुसत होते.

मग कारखान्याची निवडणूक लागली. मतदार यादी छापायच्या दिवशी कळलं, अध्यक्ष मयत आहेत. अध्यक्षांना त्यांच्या आजोबांचं नाव ठेवलेलं. कारकुनानं आजोबांचा मृत्यू नातवाच्या नावावर भरला होता. मयताला मत नाही, उमेदवारीही नाही. ती नोंद पुसायची तर आबाच हवेत. ठराव फिरवायचा तर सभा हवी, आणि सभेला जिवंत अध्यक्ष हवेत.

आबा येऊन खुर्चीत बसले. अध्यक्ष शेजारी उभे राहिले.

"हयातीचा दाखला आणलाय का?" आबांनी विचारलं. मला हसू आवरेना.

"आबा, म्होरं उभा हाय की मी."

"माझी आई बी उसाच्या पैशासाठी तुमच्याम्होरं अशीच उभी हुती. कागदावर मयत हाय म्हणून तुमी तिला दाखला आणायला बारामतीला धाडलं. दाखला मिळाला तवा ती न्हवती."

माझं हसू तिथंच थांबलं. आबांनी पडद्याकडे वळून कळ दाबली.

"झालं. जावा आता."

अध्यक्ष जिवंत झाले होते, पण जागचे हलले नाहीत.